सुलभाताईंचा उत्तर ध्रुव

ज्या माणसामुळे सुलभाताई उत्तर ध्रुवाकडे निघाल्या, त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याची अब्रू राखायची म्हणून नव्हे. त्याला आपलं नाव छापून आलेलं फार आवडतं आणि त्याची कुठलीच आवड पुरवायची माझी इच्छा नाही. सुलभाताई त्याला ‘महाराज’ म्हणायच्या. मीही तेच म्हणेन.

सुलभा कोरगावकर माहितीपटांच्या साउंड रेकॉर्डिस्ट होत्या. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. राहायला गिरगावात, फणसवाडीत, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. एका खोलीत त्या आणि दुसरीत मशीनं. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, “घोरणाऱ्या माणसाशेजारी मला झोप लागणार नाही, आणि न घोरणारा अजून ऐकण्यात नाही.” गळ्यात हेडफोन, खांद्याला रेकॉर्डरची पिशवी, पायात रबरी तळाच्या सपाता, कारण चामड्याच्या चपला रेकॉर्डिंगमध्ये वाजतात. बांगड्या त्यांनी कधी घातल्याच नाहीत. मी भोईवाड्यातला, गिरणी कामगाराचा मुलगा, कॅमेऱ्याच्या लायनीत नवा होतो तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “दत्ता, तुझी पँट वाजते. उद्या सुती घालून ये.” मी तोवर माझी पँट कधी ऐकलीच नव्हती.

शूटिंग संपलं की सगळे सामान आवरायला धावतात. ताई तेव्हा सगळ्यांना जागच्या जागी एक मिनिट उभं करायच्या. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो आणि तो एडिटिंगला लागतो. बाकीचे रेकॉर्डिस्ट वीस सेकंदांत आटपतात. ताई पूर्ण साठ घ्यायच्या. एकदा एका मंत्र्याची मुलाखत झाली आणि मंत्री उठायला लागले. ताईंनी त्यांना हातानेच खाली बसवलं. पन्नास सेकंद झाल्यावर मंत्र्यांच्या पोटातून आवाज आला. ताई म्हणाल्या, “पुन्हा.” मंत्री पुन्हा साठ सेकंद बसले, पोलिसांसकट.

आणखी एक सवय सांगायला हवी. प्रत्येक टेकच्या आधी रेकॉर्डिस्ट स्वतःच्या तोंडाने जागा, माईक आणि टेकचा नंबर बोलतो, म्हणजे एडिटिंगला बसणाऱ्याला काय ऐकतोय ते कळतं. पुढे तो तुकडा कापून टाकतात. हे काम बहुतेकजण पुटपुटून उरकतात. ताई मात्र शाळेत हजेरी घ्यावी तशा खणखणीत बोलायच्या.

आणि त्या विसरत नसत. कोणी त्यांचा अपमान केला असेल तर तो त्यांच्या डोक्यात आजूबाजूच्या आवाजांसकट बसलेला असायचा. “अमका मला म्हणाला, बाईमाणसाला माईकचा बूम, एवढा लांब दांडा, कसा पेलवणार, तेव्हा वर पंखा करकरत होता आणि खाली कल्हईवाला ओरडत होता.” पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट असायची, पण पंखा अजून करकरत असायचा. एकदा मी म्हटलं, “ताई, सोडून द्या की आता.” त्यांनी माझ्याकडे बघून शांतपणे सांगितलं, “मी काय देव आहे का माफ करत सुटायला?” मला तेव्हा ते कडू वाटलं होतं. आता वाटत नाही.

महाराजांबरोबर त्यांनी अकरा वर्षं काम केलं. महाराज दिग्दर्शक. दाढी, खादी, दोन परदेशी पारितोषिकं आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण उगाच जन्माला आलो. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाची कल्पना ताईंची होती. कुठल्याशा परदेशी रेकॉर्डिस्टने त्यांना सांगितलं होतं की हिमनदीच्या बर्फात हजारो वर्षांपूर्वीची हवा अडकलेली असते. तो बर्फ समुद्रात येऊन वितळायला लागला की ती हवा बुडबुड्या-बुडबुड्यांनी सुटते आणि पाण्याखाली माईक सोडला तर तडतड ऐकू येते. ताईंना त्या वाक्याने झपाटलं. “दत्ता, माणूस शेती करत नव्हता तेव्हाची हवा. ती बाहेर येताना काय म्हणते ते कोणीतरी नीट ऐकायला नको?” छोटी शिडाची बोट, चार माणसं, तीन आठवडे, आणि फिल्मभर माणसाचं बोलणं कमीत कमी. हे सगळं त्यांनी कागदावर मांडून महाराजांना दिलं. महाराजांनी एका चॅनेलकडून पैसा उभा केला.

तयारी म्हणून ताईंनी धक्क्याजवळच्या बर्फाच्या कारखान्यात चाचण्या घेतल्या. मच्छीमार बोटींना लागणाऱ्या लाद्या तिथे बनतात. मोठ्या टाकीत पाणी भरायचं, माईक आत सोडायचा, आणि यशवंत नावाचा तिथला कामगार वरून लादी सोडायचा. लादी पाण्यात पडली की तडकत जायची. त्या टेपची एक प्रत ताईंनी महाराजांच्या ऑफिसात जमा केली. निघायच्या आठ दिवस आधी महाराजांनी त्यांना फोन केला. तिकडच्या निर्मात्यांचा आग्रह आहे, साउंडला त्यांचाच माणूस घ्यावा लागतोय, शिवाय तुझं वय, ती थंडी, समजून घे. ताई म्हणायच्या, त्या फोनच्या वेळी खालच्या मजल्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

फिल्म आली. दादरच्या एका हॉलमध्ये खास खेळ ठेवला होता. ताई गेल्या आणि मलाही घेऊन गेल्या. चाळीसेक मिनिटांनी पडद्यावर निळसर बर्फ वितळायला लागला, हॉलभर तडतड पसरली, बायकांनी श्वास रोखले. ताईंनी माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ होता. कानाशी येऊन म्हणाल्या, “मागे ऐक. कॉम्प्रेसर.” मला आधी काही कळलं नाही. मग ऐकू आलं. अगदी तळाशी, दर थोड्या वेळाने एक जड धाप. कारखान्याचा कॉम्प्रेसर तसाच धापा टाकायचा. यांच्या परदेशी माणसाला तिकडच्या वाऱ्यात काही रेकॉर्ड करता आलं नव्हतं बहुतेक, म्हणून आमच्या धक्क्यावरचा बर्फ उत्तर ध्रुव म्हणून लावला होता. शेवटी नावं आली. ताईंचं नाव कुठेच नव्हतं, आभारातही नाही. त्याच साउंडला पुढे पारितोषिक मिळालं.

मी म्हटलं, आत्ता उठून सांगू या. ताई म्हणाल्या, “आत्ता सांगितलं तर बाई जळते म्हणतील. आधी आपण जाऊ. खरा बर्फ घेऊन येऊ. मग बघते.” मी कॅमेरा करायचा आणि त्यांनी साउंड, असं त्या रस्त्यावरच ठरलं. माझं मत त्यांनी विचारलं नाही आणि मीही दिलं नाही.

ठरलं खरं, पण पुढची वर्षं आमच्या धंद्याला भुईसपाट करणारी निघाली. लॉकडाऊन झाला. चॅनेलांनी माहितीपटांचे विभाग बंद केले. परळला गिरणीच्या आवारात मी ज्या स्टुडिओत एडिटिंग करायचो, तिथे एक दिवस कुलूप दिसलं. मी लग्नाचे व्हिडिओ कापायला लागलो, तर लग्नंही पन्नास माणसांत व्हायला लागली. ताईंना कोणी कामाला बोलवेना. फोनमध्येच आवाज येतो तर वेगळी बाई कशाला, असं लोक तोंडावर सांगायचे. अशा काळात बोटीचं भाडं, विमान, व्हिसा, विमा आणि गरम कपडे उभे करायचे होते. आकडा ऐकून माझी आई कपाळाला हात लावून म्हणाली, “मेल्या, त्या बायेक सांग, फ्रिज उघडून बस. इतको बर्फ बघूक खय जातत?”

ताई फ्रिज उघडून बसल्या नाहीत. त्या दारोदार गेल्या. परळच्या एका टॉवरमध्ये, सव्विसाव्या मजल्यावर, एका कंपनीचा समाजकार्याचा निधी वाटणारा साहेब होता. पोरगेलासा, टाय लावलेला. “मॅडम, कॉन्सेप्ट छान आहे. बट इम्पॅक्ट काय? म्हणजे आपल्या लोकांना बेनिफिट काय?” ताईंनी त्याला एक मिनिट गप्प बसायला सांगितलं. तो बसला. मिनिटाने ताई उठल्या. “तुमचं उत्तर मला कळलं. तुमचा एसी दोन-तीन दिवसांत बंद पडणार आहे.” तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. एसी खरंच बंद पडला होता आणि दुरुस्तीच्या माणसाला दोष सापडत नव्हता. कसं कळलं तुम्हाला, मॅडम? ताई म्हणाल्या, “ऐकलं म्हणून कळलं. यात तुमच्या लोकांना बेनिफिट काय ते बघा,” आणि फोन ठेवला. वैशाखाचे दिवस होते. त्यानंतर आठवडाभर ताई फार खुशीत होत्या.

पैसे नव्हते तरी तयारी थांबली नाही. वरळी कोळीवाड्यात हिराजी नावाचे जुने तांडेल होते, सत्तरीचे, बोटीवर आयुष्य काढलेले. ताई त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, मला बोटीवर उभं राहायला शिकवा. हिराजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “बाय, तिकरं मासली हाय का?” नाही, आवाज घ्यायचाय म्हटल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली. मग म्हणाले, “येवा सकाली.” पहिल्या दिवशी ताईंनी जे खाल्लं होतं ते सगळं समुद्राला दिलं. एका हाताने कठडा धरून वाकल्या होत्या आणि दुसऱ्या हाताने माईक पाण्यापासून वर धरला होता. हिराजी मला म्हणाले, “ही जाल तिकरं.” पाचव्या फेरीला ताई डोलत्या बोटीवर हात सोडून उभ्या राहिल्या. थंडीची सवय करायला आम्ही पुन्हा त्याच बर्फाच्या कारखान्यात जायचो. शीतगृहात खोके टाकून बसायचं, कॅमेऱ्याची बॅटरी किती टिकते बघायचं. यशवंत अधूनमधून दार उघडून जिवंत आहोत का विचारायचा.

निधीसाठी मी शेवटी आमच्या भोईवाड्याच्या मंडळाकडे गेलो. अध्यक्ष बाळा गुरव माझा शाळेपासूनचा मित्र. तो म्हणाला, “तू टेन्शन घेऊ नको रे. वर्गणी काढू. आपली मानसं देतात.” त्याने लालबागला पावतीपुस्तकं छापून आणली. वर ‘उत्तर ध्रुव मोहीम’ असं लिहिलेलं, आणि त्याच्याही वर गणपती, कारण मंडळाच्या पावतीवर गणपती नाही हे छापणाऱ्याला सुचलंच नाही. कार्यकर्ते दारोदार फिरले. दिवस श्रावणाचे. आमच्याकडे गणपतीचं चित्र असलेली पावती दारात आली की कशासाठी म्हणून कोणी विचारत नाही. लोकांनी वर्गणी दिली आणि मनाशी ठरवलं की यंदा मंडळाचा देखावा उत्तर ध्रुव. पंधरा दिवसांत भोईवाडाभर तेच झालं. बायका माहेरी कळवायला लागल्या, यंदा आमच्याकडे बर्फ आहे, पोरांना घेऊन या. बाळाच्या लक्षात आलं तेव्हा वेळ गेली होती. तो घाम पुसत फणसवाडीला आला. “ताई, आता बर्फ करायलाच लागेल. नायतर पब्लिक मला लादीवर झोपवेल.”

ताई इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली. मग त्यांनी डोळे पुसले. “करा बर्फ,” त्या म्हणाल्या. “आवाज मी देते. आणि बाळासाहेब, उद्घाटनाला महाराजांना बोलवा. उत्तर ध्रुवावर फिल्म केलेला माणूस आहे. तो येईल.”

ताई कारखान्यातला तोच टेप लावणार हे मला लगेच कळलं, आणि ते मला नको होतं. कारण आठच दिवसांपूर्वी, ताईंनी निधीसाठी अर्ज केलेल्या एका मोठ्या प्रतिष्ठानचं पत्र आलं होतं. ताईंची फिल्म शेवटच्या तीनांत होती. निधी मिळाला असता तर बोट, विमान, सगळंच भागत होतं. आणि निवड समितीचे प्रमुख होते महाराज. त्यांनी स्वतः ताईंना फोन केला होता. “सुलभा, जुने दिवस आठवतात. मी शब्द टाकतो तुझ्यासाठी.” असं म्हणताना आपण काय केलं होतं याची त्याला आठवणही नसावी. मला त्याचा सगळ्यात जास्त राग यासाठी आहे.

मी ताईंना हात जोडले. “गणपतीनंतर दहा दिवसांत सही होतेय. आधी सही होऊ द्या. मग त्याला सोलून काढा, मी सुरी आणून देतो.”

“त्याच्या सहीने गेले तर ती त्याचीच फिल्म झाली, दत्ता.”

“पण जायला तर मिळेल! आणि मीही जायचोय ना? माझ्याकडे दुसरं काय आहे?”

हे बोलल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, “बरं. मी तोंड उघडणार नाही. तो येईल, आवाज ऐकेल. ऐकून गप्प बसला, तर मीही गप्प. सही घेऊ आणि मुकाट जाऊ. माझा शब्द.” जिन्यात आल्यावर मला हायसं वाटलं. गप्प बसायला काय लागतं, असा विचार मी करत होतो. अकरा वर्षं महाराजांनी मध्येच बोलून ताईंचे टेक खराब केले होते, हे मी विसरलो.

देखावा सुंदर झाला होता, हे मी आमचा म्हणून सांगत नाही. थर्माकोलला बंदी, म्हणून पुठ्ठा, कागदाचा लगदा आणि चाळीतली जुनी पांढरी धोतरं खळीत बुडवून त्याचे कडे उभे केले होते. निळे दिवे. मध्ये हिमनदीवर बाप्पा. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी सगळा भोईवाडा लोटला होता. महाराज आले, खुर्चीत बसले, शाल-श्रीफळ झालं. ताई कोपऱ्यात टेबलामागे मशीन घेऊन बसल्या होत्या. त्यांनी बटण दाबलं. तडतड सुरू झाली आणि गर्दी आपोआप शांत झाली. माझी आईसुद्धा. मी महाराजांकडे बघत होतो. त्यांनी मान वळवली, कान दिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ओळखलं होतं. गप्प बस, मी मनात म्हणत होतो, बाबा, फक्त गप्प बस.

त्यांनी माईक मागून घेतला. आधी लोककलेची स्तुती केली. मग म्हणाले, “एक प्रेमाची तक्रार. मंडळाने परवानगी मागितली असती तर बरं वाटलं असतं. हा आवाज माझ्या फिल्ममधला आहे. बोटीच्या कठड्यावरून, हाडं गोठवणाऱ्या थंडीत घेतलेला. असो, बाप्पाच्या कामी आला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाळा पांढरा पडला होता.

ताई उभ्या राहिल्या. आवाज अगदी मऊ होता. “सर, नक्की तुमचाच ना?”

“सुलभा? अगं, मी माझं मूल ओळखणार नाही का?”

“मग सुरुवातीपासून ऐकू या.”

त्यांनी टेप मागे नेला आणि पुन्हा बटण दाबलं. भोईवाड्याच्या आठही स्पीकरांतून ताईंचाच आवाज आला, काही वर्षं तरुण, खणखणीत. “बर्फाचा कारखाना. मोठी टाकी. पाण्याखालचा माईक. टेक चार. यशवंत, सोडा लादी.” मग यशवंतचा आवाज. “सोडतंय हां, बाई. सरका मागं.” मग धप्पकन लादी पडली, आणि पाठोपाठ तीच तडतड, कॉम्प्रेसरच्या धापेसकट.

पहिलं हसू मागच्या बाजूने आलं. धक्क्यावर काम केलेले लोक होते तिथे, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. मग ते हसू पुढे पुढे येत गेलं. महाराज काहीतरी तांत्रिक बोलायला गेले, संदर्भासाठी घेतलेला ध्वनी वगैरे, पण बाळाने तोवर माईक काढून घेतला होता. ते शाल खुर्चीवरच टाकून निघाले. ताईंनी शाल उचलली आणि माझ्या हातात दिली. “जा, देऊन ये त्यांना. बोटीच्या कठड्यावर लागेल.” मी धावत जाऊन दिली. तुम्हाला खोटं कशाला सांगू, शाल देताना त्याचा चेहरा मी पोटभर पाहिला. सही गेली होती, माझी बोट गेली होती, तरी पोटभर पाहिला.

सही गेलीच. प्रतिष्ठानचं पत्र आलं की सध्याची आर्थिक परिस्थिती पाहता यंदाचा निधी स्थगित करण्यात येत आहे. मी पंधरा दिवस ताईंशी बोललो नाही. त्यांनीही फोन केला नाही. सोळाव्या दिवशी मीच गेलो, तर त्या मशीनांच्या खोलीत पेट्या भरत होत्या. मोठा मिक्सर, जुनी टेपमशीनं, सगळं विकलं होतं. मंडळाच्या दानपेटीचा वाटा बाळाने आणून दिला होता, कारण त्या वर्षी आमच्या बर्फाला लालबागहून माणसं आली होती. हिराजींनी कोळीवाड्यातून काहीतरी जमवलं होतं. सगळं मिळून पुढच्या उन्हाळ्यात बोटीवर एक जागा मिळत होती. एकच. ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुझी जागा मी घालवली. हे मला माहीत आहे.” त्यांनी माफी मागितली नाही आणि मीही ती द्यायला बसलो नव्हतो. मी म्हटलं, “कॅमेरा कोण धरणार मग?” साठीला आलेल्या त्या बाईला पुढचे सहा महिने मी कॅमेरा शिकवला. फार वाईट विद्यार्थिनी. फ्रेम बघायच्या ऐवजी कॅमेऱ्याच्या मोटरचा आवाज ऐकत बसायच्या.

ताई गेल्या, परत आल्या, फिल्म झाली, त्यांच्या नावाने झाली. ती पाहिलेल्यांना मी काय सांगणार आणि न पाहिलेल्यांना सांगून काय कळणार? त्यातला कॅमेरा हलतो, हे खरं आहे. गेल्या वर्षी ताई वारल्या. दादरला शोकसभा झाली, सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. महाराज आले आणि पहिल्या रांगेत बसले. आता खूप म्हातारे दिसतात. त्यांनी मला चिठ्ठी पाठवली, दोन शब्द बोलू इच्छितो. मी चिठ्ठी खिशात ठेवली. दुसरी आली, तीही ठेवली. शेवटी ते स्वतःच उठून उभे राहिले, डोळ्यांत पाणी होतं, सगळा हॉल बघत होता. मी म्हटलं, “सभा संपली,” आणि माईक बंद केला. नंतर कित्येकांनी मला फोन करून सुनावलं. मेलेल्या माणसाच्या सभेत कसला सूड, इतका कोतेपणा बरा नव्हे. मी कोणाला उत्तर दिलं नाही. इथे देतो.

ताई उत्तर ध्रुवाकडे निघायच्या दिवशी भर दुपारी फणसवाडीत टॅक्सी उभी होती. शेजारणींनी ताईंना ओवाळलं. माझ्या आईने दिलेला सोलकढीच्या आगळाचा डबा त्यांनी मांडीवर घेतला होता, डिकीत ठेवू देईनात. सामान चढलं. मी खिडकीशी वाकलो. मला वाटलं, त्या आता काहीतरी हळवं बोलतील, म्हणून मी आधीच नाक ओढून ठेवलं होतं.

“दत्ता, एक काम आहे.”

“बोला ना, ताई.”

“समुद्र आहे. आणि समुद्रातून आले तरी माझं वय झालंय. कधी ना कधी माझी शोकसभा होईल. तो येईल. रडेल. माझ्याबद्दल फार सुंदर बोलेल, आणि लोकांना वाटेल मिटलं सगळं.”

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. ताईंनी त्याला हाताने थांबवलं.

“बाकी कोणालाही बोलू दे,” त्या म्हणाल्या. “त्याला नको.” आणि काच वर केली.